आधी गोधड्या, मग माइक

कॅराओकेवर गाणाऱ्या आमच्या ग्रुपात दिवसभर रेकॉर्डिंगची देवाणघेवाण चालू असते. बहुतेकांची पद्धत एकच. एका फोनवर ट्रॅक, म्हणजे गाण्याची नुसती वाद्यसाथ, लावायचा, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं. काही जण स्मूलसारख्या ॲपवर गातात. मीही बरेच दिवस तेच करत होते. सूर लागला की नाही ते त्यात कळतं, पण गाणं ऐकल्याचं समाधान काही मिळत नाही. ट्रॅक फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून निघतो, खोलीभर आपटतो, माझा आवाज त्यात मिसळतो आणि एकदा मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. ढोलक जास्त वाजतोय असं वाटलं तरी कमी करायची सोय नाही, अख्खं गाणं पुन्हा म्हणायचं. ट्रॅक ट्रॅकच्या जागी राहावा, आवाज आवाजाच्या जागी राहावा आणि दोन्ही नंतर हवे तसे कमीजास्त करता यावेत, एवढ्याचसाठी घरात सामान जमवायचं ठरवलं. लॅपटॉप होताच. बाकी सगळं दहा हजारांत बसवायचं, असं ह्यांना सांगून ठेवलं होतं.

माइकची यादी घेऊन मी आमच्या गल्लीतल्या साउंडवाल्याकडे गेले. गणपतीत, लग्नात, उरुसात स्पीकर लावणारा माणूस, रेकॉर्डिंगशी त्याचा तसा संबंध नाही, पण कान तयार. यादी बघितलीच नाही त्याने. म्हणाला, "वैनी, माइक र्‍हाऊ दे, खोली दावा आधी." घरी आला, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि एक सणसणीत टाळी वाजवली. टाळी संपल्यावर मागे एक बारीक 'टर्रर्र' राहिलं. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये राहतेय, ते कधी कानावर पडलं नव्हतं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर जात-येत राहते, त्याचं ते टर्रर्र. माणसाच्या कानाला याची सवय होऊन जाते, माइकला होत नाही. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखा का यायचा, त्याचं उत्तर त्या टाळीत होतं.

मग मागची बेडरूम. कापसाची गादी, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, माळ्यावर गाठोडी, जाड पडदा. तिथे टाळी वाजली आणि तिथल्या तिथे मेली. "हितंच करा काय करायचंय ते," म्हणाला.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला मला तोवर निदान चार जणांनी दिला होता. त्या पातळ पुठ्ठ्याने काही होत नाही. आवाज शोषायला जाडी लागते, वजन लागतं, आत हवा खेळायला लागते, आणि हे सगळं आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधडीत आयतं शिवलेलं असतं. सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या मी कपडे वाळत घालायच्या स्टीलच्या स्टँडवर टाकल्या. त्या कुठे ठेवायच्या, यात मात्र एक मेख आहे. मला वाटलं होतं, माइकच्या मागे, म्हणजे माझ्या तोंडासमोर ठेवायच्या. गाण्याचे बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात, समोरचं घेतात आणि पाठीमागचं टाळतात. माइकच्या समोर मी, आणि माझ्या पाठीमागची भिंतही त्याच्या समोरच. म्हणजे खोलीचा जो आवाज माइक घेतो, तो माझ्या खांद्यांवरून येतो. गोधड्या माझ्या पाठीशी हव्यात, त्याही भिंतीला चिकटवून नाही तर वीतभर सोडून. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, त्यामुळे तिथे कापडाला शोषायला फारसं काही मिळत नाही. गोधडी वरच्या पट्टीतला खणखणाट घेते. खर्जातलं घुमणं ती थोपवत नाही, म्हणून कोपऱ्यात उभं राहायचं नाही.

बाहेरच्या आवाजाचं काय करणार? आमचं गाव मिरज, त्यात जंक्शन. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव, चारी दिशांच्या गाड्या इथे येतात आणि येताना शिट्टी देतात. शिवाय दवाखान्यांचं गाव, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका. या दोन्हींना माझ्याकडे इलाज नाही, आवाज आला की थांबायचं. पण घरातल्या घरात बरंच काही बंद करता येतं. पंखा तर बंद हवाच, त्याची हवा थेट माइकवर लागते. फ्रीज भिंतीपलीकडे आहे, गाण्यापुरता बंद. सोसायटीचा पाण्याचा पंप संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो, म्हणून गाणं त्याच्या आधी.

माइकची गोष्ट इथून पुढे. एका मैत्रिणीकडे ऑनलाइन मिळणारा हजार रुपयांचा संच होता: कंडेन्सर म्हणून विकला जाणारा माइक, कात्रीसारखा स्टँड, स्पंजची टोपी आणि रंगीबेरंगी दिव्यांचं एक छोटं साउंडकार्ड. तो मी आठवडाभर आणून वापरला. आवाज झगमगीत येतो, खोटं कशाला बोला. पण त्याच्या मागे एक सलग 'स्स्स' चालू, आणि शेजारच्या कुकरची शिट्टी माझ्या अंतऱ्यात अगदी समेवर. साउंडकार्डवर टाळ्यांचं, हसण्याचं बटण होतं. गाताना कोपर लागलं की श्रोते हसायचे.

कंडेन्सर माइक वाईट असतो असं मुळीच नाही. स्टुडिओत गायकासमोर बहुधा तोच असतो. त्याचा पडदा अतिशय पातळ असतो, हलक्यात हलकी लहर टिपतो आणि चालायला त्याला बाहेरून वीज लागते, साधारणपणे 48 व्होल्ट, जिला फँटम पॉवर म्हणतात. पण तो जे टिपतो त्यात मी जितकी असते तितकीच माझी खोली असते. स्टुडिओची खोली त्या लायकीची केलेली असते, माझ्या खोलीत माळ्यावर गाठोडी आहेत. डायनॅमिक माइक त्या मानाने जाड कानाचा. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, म्हणजे स्पीकरच उलटा चालवलेला. वीज लागत नाही, पडला तरी सहसा मरत नाही, आणि तोंड जवळ नेल्याशिवाय ऐकत नाही. शुअरचा एसएम58 हा याच जातीचा, 1966 पासून जगभरच्या स्टेजवर तोच दिसतो. तो माझ्या बजेटच्या बाहेर होता. मी बेहरिंगरचा एक्सएम8500 घेतला, दोन हजारांच्या आसपास. दोन्हींतला फरक कळायला आधी माझा आवाज तेवढा तयार हवा, असं मी स्वतःला समजावलं आणि ते अजून पटलेलंच आहे.

हा माइक लॅपटॉपच्या भोकात सरळ जात नाही. मधे इंटरफेस लागतो: माइकचा अशक्त विद्युतसंकेत वाढवायचा, त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला द्यायचे आणि लॅपटॉपकडून आलेला ट्रॅक हेडफोनला द्यायचा, ही त्याची कामं. बेहरिंगरचाच यूएम2 घेतला, चार हजारांच्या आत मिळाला. 16 बिट, 48 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे आवाजाचे आकडे किती बारीक आणि सेकंदाला किती वेळा होतात त्याचं माप. दुकानदाराने 24 बिटवाला घ्या म्हणून बराच आग्रह केला. 16 बिटमध्ये सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं. पंप बंद असतानाही माझी खोली इतकी शांत कधी होणार नाही. तिथे पैसे वाचवले ते हेडफोनला घातले.

हेडफोनबद्दल माझं ठाम मत आहे: निम्मं रेकॉर्डिंग हेडफोनवर अवलंबून असतं आणि लोक तिथेच हात आखडतात. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला आणि वायरवाला हवा. मागून उघडा असेल तर ट्रॅक बाहेर गळतो, आणि गळलेला ट्रॅक माइक टिपतो. मग ट्रॅक नंतर कितीही कमी करा, माझ्या आवाजाच्या पोटात त्याची बारीक टिकटिक राहतेच. अडीच हजारांत बरा मिळाला. इंटरफेसला जाड पिन लागते, साउंडवाले जिला पी-38 म्हणतात, तिचा कन्व्हर्टर पन्नास रुपयांत आला. माइक इंटरफेसला जोडणारी एक्सएलआर केबल, स्टँड आणि तोंडासमोरची जाळी धरून सगळं मिळून दहा हजारांच्या किंचित वर गेलं. ह्यांना दहाच सांगितलं.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं आणि हेडफोनमध्ये 'हूंऽऽ' अशी गुणगुण. गेन, म्हणजे माइकचा संकेत किती वाढवायचा ते बटण, कमी केलं तरी आहेच. केबल बदलली, तरी आहे. मग मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि क्षणात शांतता. पुन्हा लावला, पुन्हा हूं. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 50 हर्ट्झ, तिचा हा सूर. चार्जरला अर्थिंग नीट नसलं की तो यूएसबीतून आवाजात उतरतो. आता बॅटरी भरून घेते आणि चार्जर काढून गाते. ही गुणगुण नंतर सॉफ्टवेअरने काढू असं म्हणण्यात अर्थ नाही. 50 हर्ट्झ काढता येईल, पण तिच्यासोबत 100 आणि 150 पण असतात. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी, तिचा सा सुमारे 208 हर्ट्झवर आणि खालचा पंचम 156 च्या आसपास. म्हणजे गुणगुणीवर सुरी चालवली की माझ्या पंचमाचं कातडं सोलून निघणार.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज उशिरा पोचणं. घरी गाणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ आणि धीर यात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उशीर दोन प्रकारचा. पहिला गाताना जाणवतो. मी 'सा' म्हणते, तो माइकमधून लॅपटॉपात जातो, तिथून परत हेडफोनमध्ये येतो, आणि तोवर मी पुढच्या स्वरावर गेलेली असते. स्वतःचाच आवाज मागून ओढत आलेला ऐकू आला की माणूस नकळत लय संथ करतो. यावर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. ते दाबलं की माझा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता तिथूनच हेडफोनमध्ये येतो. मग सॉफ्टवेअरमधलं स्वतःचा आवाज ऐकवण्याचं बटण बंद ठेवायचं, नाहीतर एकाच्या दोन बाया गाऊ लागतात. ब्लूटूथ हेडफोनवर यातलं काहीच चालत नाही. त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला 120 मात्रांच्या ठेक्यात एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणजे तिसरा हिस्सा मात्रा हवेतच गेली. आमच्या ग्रुपातला एक जण दर गाण्यात समेच्या मागे असायचा. त्याच्या तालाबद्दल पाठीमागे बरंच बोललं जायचं. वायरचा हेडफोन लावल्यावर तो बरोबर समेवर यायला लागला.

दुसरा उशीर गाताना कळतच नाही. गाताना सगळं झकास, आणि मग ऐकायला लावलं तर आवाज ट्रॅकच्या मागे घसरलेला. मी ऑडॅसिटी वापरते, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. ट्रॅक वाजवणं आणि माझा आवाज नोंदवणं यात जो वेळ जातो तो भरून काढायला त्यात लेटन्सी कॉम्पेन्सेशन नावाची एक सेटिंग आहे. मुळात तिथे उणे 130 मिलिसेकंद लिहिलेले असतात. तो ढोबळ आकडा आहे, प्रत्येकाच्या यंत्राला तो बसेलच असं नाही. स्वतःचा आकडा काढायची युक्ती मला भाच्याने फोनवर शिकवली. "मावशी, तू गाऊच नकोस. हेडफोनलाच गाऊ दे," म्हणाला.

ऑडॅसिटीमध्येच मेट्रोनोमसारखी टिकटिक तयार करता येते. ती पडद्यावरच्या एका आडव्या पट्टीवर ठेवली. हेडफोनची एक वाटी माइकच्या जाळीवर उपडी धरली आणि दुसऱ्या पट्टीवर रेकॉर्ड केलं. आता वर मूळ टिक, खाली माइकने ऐकलेली टिक. चित्र मोठं, आणखी मोठं करत गेले. आधी दोन्ही रेघा एकावर एक दिसत होत्या, मग त्यांच्यात फट दिसू लागली. खालची टिक वरच्यापेक्षा 38 मिलिसेकंद उशिरा. मग 130 मध्ये 38 मिळवले, उणे 168 लिहिलं आणि पुन्हा तीच टिकटिक घेतली. रेघा जुळल्या. त्या दिवशी मी गाणं म्हटलंच नाही, टिकटिकच ऐकत बसले. अजूनही लॅपटॉपवर एखादं मोठं अपडेट आलं की वाटी माइकवर ठेवून एकदा तपासून घेते.

उशीर कमी करायला विंडोजवर एएसआयओ4ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर लोक सुचवतात. दुसरं एखादं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तो कामाचा आहे. डायरेक्ट मॉनिटर असल्यावर मला त्याची गरज पडली नाही.

हे झालं यंत्राचं. ट्रॅकचं दुखणं वेगळं. पुरुषाने गायलेलं गाणं मला म्हणायचं असेल तर पट्टी बदलावी लागते. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाणं म्हणजे एक सेमीटोन, त्यामुळे हिशेब सोपा: ट्रॅक पांढरी सहाचा आणि मला काळी चार हवी, तर एक खाली. ऑडॅसिटी हे लय न बदलता करून देतं. एक-दोन सेमीटोनपर्यंत कान सहसा तक्रार करत नाही. त्याच्या पुढे गेलं की तबल्याची आधी कुरकुर सुरू होते. चार वर नेला की चाटी डब्यावर वाजवल्यासारखी, चार खाली आणला की बायाँ, म्हणजे डग्गा, नुसता फुगतो. व्हायोलिनं त्यातल्या त्यात सोसतात. काळी एकचं गाणं काळी चारला न्यायचं तर सात वर किंवा पाच खाली, दोन्हीकडे तबला मरतो. अशा गाण्यांचे त्या पट्टीतच नव्याने वाजवलेले ट्रॅक मिळतात, ते विकत घ्यावेत. दोन-तीनशे रुपये जातात, पण वादकांनी वाजवलेलं आणि यंत्राने ताणलेलं यात फरक आहेच.

जुन्या गाण्यांच्या ट्रॅकची आणखी एक खोड. ते बऱ्याचदा कुठल्याच पट्टीत नसतात. टेपचा वेग थोडा इकडेतिकडे झालेला असतो, आणि गाणं काळी चार आणि पांढरी पाचच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असतं. आमच्या गावात सतारी-तंबोऱ्यांची अख्खी गल्ली आहे, मिरजेच्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हा घरात तंबोरा असणं ओघानेच आलं. मी ट्रॅक लावून आधी तंबोरा छेडते. तो ट्रॅकच्या षड्जाशी भांडायला लागला की किती भांडतोय ते बघून ट्रॅक पाव-अर्धा सेमीटोन हलवते. अर्धवट आकडाही त्या खिडकीत लिहिता येतो.

याच तंबोऱ्याने मला एकदा चांगलंच कोड्यात टाकलं. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक लांब षड्जानंतर एक अस्पष्ट, गोड झंकार यायला लागला. ट्रॅकमध्ये तो नव्हता. ट्रॅक बंद करून नुसता माझा आवाज ऐकला, तरी होता. इंटरफेस तपासला, केबल तपासली, खिडकीच्या काचेवर हात ठेवून गाऊन पाहिलं. शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या तंबोऱ्याकडे लक्ष गेलं. माझ्याच पट्टीत लावलेला, आणि मी सा लावला की त्याच्या तारा आपण होऊन बोलायच्या. तंबोऱ्यावर गवसणी चढवली, झंकार थांबला. खरं सांगायचं तर तो झंकार मला आवडला होता. पण प्रेमगीतात अधूनमधून तंबोरा कुठून आला, हे ऐकणाऱ्याला समजावत कोण बसणार?

ट्रॅकमधून गाणाऱ्याचा मूळ आवाज काढायच्या युक्त्यांबद्दल थोडं. जुनी युक्ती अशी की गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून एका बाजूतून दुसरी वजा केली की तो जातो. सोबत मधोमध असलेला बासही जातो, ते वेगळं. पण आपली कितीतरी जुनी भावगीतं मोनो आहेत. त्यात डावं-उजवं सारखंच, वजाबाकी केली की बाकी शून्य, चिडीचूप. आता स्प्लीटर, डीमक्ससारखी सॉफ्टवेअरं आली आहेत, ती गाणी ऐकवून ऐकवून शिकवलेली आहेत. स्प्लीटर हे ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने 2019 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ती मोनोतूनही आवाज वेगळा करतात आणि थक्क व्हायला होतं. तरी मूळ गायिकेचे 'स' आणि 'श' झांजेच्या आडोशाला लपून राहतात. आपण गप्प असलो की ऐकू येतात. सरावाला उत्तम. लोकांना ऐकवायला मला तरी नको वाटतं.

प्रत्यक्ष गाताना गेन असा ठेवते की गाण्यातली सगळ्यात चढी ओळ म्हटली तरी ऑडॅसिटीतला मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये, एरवी उणे 12 च्या आसपास खेळावा. तपासताना तीच ओळ म्हणायची, 'हॅलो हॅलो' नाही. 'हॅलो' म्हणताना कुणी तार षड्ज लावत नाही. शून्याला टेकलं की आवाज वरून कापला जातो आणि ती कर्कश चिरफाड नंतर शिवता येत नाही. स्वस्तातल्या इंटरफेसचा गेन अगदी शेवटपर्यंत पिळला तर खरखर वाढते, म्हणून माइकपासून चार बोटांवर राहते. जवळ गेलं की आवाजाला खर्ज चढतो, हा कार्डिऑइडचा स्वभाव आहे. हळव्या ओळीला पुढे, तारसप्तकात थोडं मागे. स्टेजवर मुरलेले गायक हे हाताने करतात, स्टँडवर मानेने करावं लागतं.

मराठीत तोंड माइकसमोर नेमकं ठेवायला जागाच नाही. भ, फ, ख, घ, थ, ओळीत कुठून ना कुठून हवेचा गोळा येतोच. 'भरभरून' म्हटलं की जाळी असूनही दोन धप्पे. साउंडवाल्याने उपाय सांगितला: "तोंडासमोर नगं, जरा बाजूला धरा वैनी. हवा सरळ जाती, आवाज सगळीकडं जातो." माइक ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा तिरका. धप्पे गेले आणि 'स'ची शिट्टीही बोथट झाली.

एका दमात अख्खं गाणं नीट व्हायला पाहिजे असा हट्ट मी सोडला आहे. कडव्या-कडव्याने घेते, प्रत्येक कडव्याचे दोन-तीन प्रकार ठेवते. मात्र एका कडव्यातल्या वेगवेगळ्या ओळी वेगवेगळ्या गायनातून जोडत नाही. ऑडॅसिटी ते सहज करून देतं, पण श्वास चुकीच्या ठिकाणी येतात आणि ऐकणाऱ्याला काय खटकतंय ते न कळताही खटकतं.

नंतरच्या कामात मी फार रमत नाही. 90-100 हर्ट्झच्या खालचं कापते, तिथे माझा आवाज नसतोच, असतो तो पायांचा आणि रस्त्याचा. मोठे आवाज जरा दाबणारा हलका कम्प्रेसर, तीनास एक. ट्रॅक सहा-आठ डेसिबलने खाली, कारण विकतचे ट्रॅक शून्यापर्यंत ठासून भरलेले असतात. शेवटी थोडा रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखी घुमक, इतकाच की बंद केल्यावर कळावं आणि चालू असताना कळू नये. नॉइज रिडक्शन टाळते. त्याने पाठीमागची सळसळ जाते, सोबत स्वराची शेपटीही जाते. सूर आपोआप दुरुस्त करणारा ऑटोट्यून तर आपल्या गाण्याला नकोच. त्याला वाटतं सूर म्हणजे जिना, एका पायरीवरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दिसली की तो ती दुरुस्त करतो.

पक्की फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवते, ग्रुपवर पाठवायला एमपी3. यूट्यूबवर एक टाकलं होतं, तासाभरात मूळ गाण्याच्या हक्कदारांचा दावा आला. व्हिडिओ राहिला, जाहिरातीचे पैसे त्यांचे. गाणं त्यांचंच आहे, तक्रार करायला तोंड नाही.

सध्या सांगलीच्या मैत्रिणीबरोबर द्वंद्वगीत चालू आहे. दोघींकडे एकच ट्रॅक, पहिल्या क्षणापासून तसाच, काहीही न कापता. आपापल्या घरी गायचं आणि नुसत्या आवाजाची फाइल एकमेकींना पाठवायची. तिला टिकटिक घ्यायला सांगितलं होतं, तिचा आकडा उणे 90 च्या आसपास निघाला, माझ्यापेक्षा कितीतरी वेगळा. तिचं कडवं परवा आलं, ट्रॅकवर ठेवलं आणि समेला समेवर बसलं. मागे तिच्या घरातली चिमणी आहे दोन ठिकाणी, ती तशीच ठेवणार आहे. माझं कडवं रविवारी दुपारी, तोवर घसा सुटला तर.